फूटरेस्ट तीन सेंटिमीटर खाली : एक गाडी, दोन चालक आणि त्रिकोणाचा पाठ



"बाबा, तुमची बाईक मला लहान पडते." गेल्या वर्षी माझा मुलगा हे म्हणाला, तेव्हा मला आधी हसू आलं. शर्ट लहान पडतो, बूट लहान पडतो. दीडशे सीसीची गाडी कशी काय लहान पडेल? पण तो गंमत करत नव्हता. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स काढलं आणि तो कॉलेजला मुलुंडहून अंधेरीला गाडीने जाऊ लागला. कांजूरमार्गवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरायचा, पवई ओलांडायची, पुढे पश्चिम द्रुतगती महामार्ग. अंतर फार नाही, पण ट्रॅफिकमध्ये तास कधी जातो कळत नाही. घरी आला की तो सोफ्यावर पाय लांब करून बसायचा आणि गुडघ्याची वाटी चोळायचा. त्याची उंची सहा फूट एक इंच. माझी पाच फूट पाच इंच. गाडी मी माझ्या अंगाने निवडलेली.

यातून घरात जे घडलं ते पुढे मी नववीच्या वर्गात पाठ म्हणून घेतलं. त्यात भूमिती आहे, थोडं विज्ञान आहे, थोडा कायदा आहे. आणि एक चूक आहे, जी आम्ही केली आणि तुम्ही करू नये म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

पाठाचा उद्देश

विद्यार्थ्याला तीन गोष्टी कळाव्यात. एक, बसण्याची सोय-गैरसोय ही नुसती "वाटण्याची" गोष्ट नाही, ती मोजता येते. दोन, यंत्रात एक माप बदललं की त्याला जोडलेली दुसरी मापंही बदलतात. तीन, बदल केल्यावर तपासणी केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

साहित्य

मापपट्टी (शिंप्याची टेप उत्तम), कंपास पेटी, कोरा कागद, आणि मेन स्टँडवर उभी केलेली, इंजिन बंद असलेली मोटारसायकल. किल्ली शिक्षकाच्या खिशात.

शेवटचं वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. गियरच्या गाडीसाठी लायसन्सचं वय १८ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. नववीतली मुलं हा पाठ टेप आणि कागदावर शिकणार आहेत, रस्त्यावर नाही.

आधी शरीर मोजू

गाडीवर बसलेल्या माणसाचे तीन आधार असतात : सीट, हँडल आणि फूटरेस्ट. या तीन बिंदूंनी त्याची बैठक ठरते. हँडल आणि सीटमधलं अंतर पाठ आणि खांदे ठरवतं. सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर गुडघा ठरवतं. आपला विषय गुडघ्याचा, म्हणून आज पायाचाच त्रिकोण घेऊ.

या त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू असे : खुबा, गुडघा आणि फूटरेस्टवर टेकलेला तळवा. खुबा म्हणजे कमरेच्या खाली बाजूला हाताला लागतं ते हाड. खुब्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत एक माप, गुडघ्यापासून तळव्यापर्यंत दुसरं. ही दोन मापं शरीराची, ती बदलत नाहीत. तिसरं माप खुब्यापासून फूटरेस्टपर्यंतचं. ते बऱ्याच अंशी गाडीचं. बदल करता येतो तो इथेच.

आमच्या घरची मापं ही अशी :

- मी : खुबा ते गुडघा ४० सेंमी, गुडघा ते तळवा ४७ सेंमी
- मुलगा : खुबा ते गुडघा ४५ सेंमी, गुडघा ते तळवा ५३ सेंमी
- गाडीवर बसल्यावर खुबा ते फूटरेस्ट : दोघांचंही जवळपास ६० सेंमी

बघा, उंचीत आठ इंचांचा फरक, पण पायाच्या प्रत्येक भागात फरक फक्त पाच-सहा सेंटिमीटरचा. मुलं इथे म्हणतात, "सर, एवढ्याशाने काय होतंय?" म्हणू द्या. उत्तर कंपास पेटी देईल.

कृती १ : त्रिकोण काढा

तीन बाजू दिल्या असता त्रिकोण काढणं मुलं नववीच्या आधीच शिकलेली असतात. दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण घ्या. माझ्यासाठी ६ सेंमीचा पाया काढा. एका टोकाला कर्कटक ठेवून ४ सेंमीचा कंस, दुसऱ्या टोकाला ४.७ सेंमीचा कंस. दोन्ही छेदतात तो माझा गुडघा. आता कोनमापक लावा. कोन येतो साधारण ८७ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोन.

त्याच ६ सेंमीच्या पायावर मुलाचा त्रिकोण काढा : ४.५ आणि ५.३. कोन येतो ७५ अंश.

बारा अंशांचा फरक! पाया तोच, बाजू लांब, मग वरचा कोन लहान होणारच. जागा तेवढीच आणि पाय लांब, म्हणून तो घडी घालून ठेवावा लागतो. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितकी त्याची वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. त्याच अवस्थेत तासभर राहिलं की तो ठणकतो. वर्गातल्या उंच मुलांना हे पटकन कळतं. शेवटच्या बाकावर ती तशीच बसलेली असतात.

दहावीच्या मुलांकडून हेच उत्तर गणिताने काढून घ्या. पायथागोरसच्या प्रमेयाच्या प्रकरणात लघुकोन त्रिकोणासाठी जे उपयोजन आहे, ते इथे चपखल बसतं. आकृती आणि आकडेमोड जुळली की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते प्रगतिपुस्तकात कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.

कृती २ : पाया लांबवा

आता प्रश्न : मुलाचे पाय कापता येत नाहीत, मग काय बदलायचं? वर्गातून उत्तर लगेच येतं : "सर, पाया लांब करा." पाया लांब करण्याचे मार्ग दोन. फूटरेस्ट खाली घ्या, नाहीतर सीट वर घ्या.

फूटरेस्ट ३ सेंमी खाली घेतली तर पाया ६.३ होतो. त्रिकोण पुन्हा काढा. कोन येतो साधारण ८० अंश. शिवाय सीटची गादी २ सेंमी जाड केली तर पाया ६.५, आणि कोन ८३ अंशांच्या आसपास.

इथे एक बारीक गोष्ट हुशार विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. फूटरेस्ट खुब्याच्या अगदी सरळ खाली नसते, थोडी पुढे किंवा मागे असते. म्हणून ती ३ सेंमी खाली गेली तरी अंतर पूर्ण ३ सेंमीने वाढत नाही, किंचित कमी वाढतं. पाठासाठी आपण तीनच धरू. पण हे ज्याने विचारलं त्याला शाबासकी द्या.

गाडी घेतानाही हेच डोक्यात ठेवा. आपण फक्त सीटची उंची विचारतो. स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून ७८५ मिमी, क्लासिक ३५० ची ८०५ मिमी. पुण्याच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर तर ७३७ मिमी, म्हणजे सगळ्यांत खाली. मग उंच माणसाला ती सगळ्यांत गैरसोयीची का नाही? कारण तिची फूटरेस्ट बरीच पुढे आहे, पाय पुढे पसरतात. पुढे पसरलेल्या पायांचा तोटाही आहे. खड्डा आला की पायांवर उठून धक्का झेलता येत नाही, तो सरळ माकडहाडाला बसतो. उलट स्पोर्ट्स प्रकारच्या गाड्यांत फूटरेस्ट मागे आणि वर असते, तिथे लांब पायांची घडी आणखी घट्ट होते. हिमालयन ४५० सारख्या गाडीत तर सीट ८२५ किंवा ८४५ मिमी अशी दोन उंचींवर बसवता येते. थोडक्यात, शोरूममध्ये फक्त पाय जमिनीला टेकतात का एवढं बघू नका. गाडी स्टँडवर घ्या, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि दहा मिनिटं नुसते बसा.

आमची चूक

आता खरी गोष्ट. काही गाड्यांत फूटरेस्टचा दांडा इंजिनाखालच्या नळीला पक्का असतो, तिथे फार काही करता येत नाही. आमच्या गाडीची फूटरेस्ट बोल्टने बसवलेली. मुलाने एका गॅरेजमध्ये मधे जोडपट्टी टाकून दोन्ही बाजूंच्या फूटरेस्ट ३ सेंमी खाली करून घेतल्या. तासाभराचं काम. घरी आला तो खुशीत. "बाबा, आता बघा, मस्त बसतं!" मीही खूश झालो. ७५ चे ८० अंश झाले, आमचा त्रिकोण खरा ठरला.

दुसऱ्या दिवशी गाडी मी घेतली. जुलै महिना, पाऊस भुरभुरत होता. एलबीएस मार्गावर माझ्या पुढे चाललेली रिक्षा प्रवासी दिसला म्हणून एकदम थांबली. मी उजवा पाय दाबला. पायाखाली काहीच नव्हतं. बुटाचं टोक ब्रेकच्या पेडलवर नव्हतं, पेडलच्या खाली गेलं होतं! मग हाताचा पुढचा ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक जरा घसरलं, गाडी डगमगली आणि रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, मी नुसता हात वर केला. घरी येईपर्यंत पाय थरथरत होते.

काय झालं होतं? फूटरेस्ट तीन सेंटिमीटर खाली गेली, पण ब्रेकचं पेडल जिथल्या तिथे राहिलं. पायाच्या हिशेबाने पाहिलं तर पेडल तीन सेंटिमीटर वर गेलं. वीस वर्षं माझ्या पायाला जी जागा पाठ होती, तिथे आता पेडल नव्हतं. गॅरेजवाल्याने ते जुळवलं नाही, मुलाने विचारलं नाही. आणि मी, वर्गात "एक चल बदललं की दुसरं तपासा" असं शिकवणारा माणूस, किल्ली घेऊन सरळ निघालो.

मुलाच्या हातून चूक झाली म्हणून रागवायला मी तोंड उघडलं होतं. मग वाटलं, पेडल मीही पाहिलं नव्हतं. रागावणं राहिलं, आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये टेप घेऊन बसलो.

कृती ३ : अर्धा सेकंद म्हणजे किती?

हा हिशेब मुलांकडून करून घ्या. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. पेडल शोधण्यात पायाचा अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी ५ मीटर पुढे जाते. एक ऑटोरिक्षा अडीच मीटरपेक्षा थोडी लांब असते. म्हणजे जवळजवळ दोन रिक्षांची लांबी. शाळेच्या मैदानावर पाच मीटर खडूने आखा आणि मुलांना त्यावर उभं करा. आकड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

फूटरेस्ट बदलल्यावर काय काय तपासायचं

हा भाग पालकांनी कागदावर उतरवून घ्यावा आणि गॅरेजला जाताना सोबत न्यावा.

१. ब्रेक पेडल. फूटरेस्ट जितकी खाली गेली, पेडलही त्या बेताने खाली आणावं लागतं. बूट फूटरेस्टवर सहज ठेवल्यावर त्याचं टोक पेडलच्या किंचित वर राहिलं पाहिजे. खाली कधीच नाही. पेडल आणखी खाली आणायला जागाच नसेल, तर फूटरेस्ट तितकी खाली नेऊच नका.

२. पेडलची मोकळी चाल. पेडल थोडं दाबल्यावर ब्रेक धरायला लागतो. ती चाल किती असावी हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते माप ठेवा. मग मागचं चाक हाताने फिरवून बघा, अडकता कामा नये.

३. ब्रेकचा दिवा. मागच्या ब्रेकचा स्विच पेडलला जोडलेला असतो. पेडल हललं की त्याची वेळ बिघडते. दिवा उशिरा लागतो किंवा सतत लागून राहतो. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं.

४. गियरचा लिव्हर. काही गाड्यांत तो दातेरी दांड्यावर बसवलेला असतो. बोल्ट सैल करून बाहेर काढायचा, एक दाता फिरवून परत बसवायचा. काहींत जोडदांडा असतो, त्याची लांबी दोन्ही टोकांच्या नटांनी कमी-जास्त होते. गियर वर आणि खाली, दोन्हीकडे टाच न उचलता पडला पाहिजे.

५. बोल्टची घट्टी आणि घडी. खड्ड्यावर आपण उभे राहतो तेव्हा सगळं वजन या दोन फूटरेस्टवर येतं. शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. चालकाची फूटरेस्ट जमिनीला घासली तर वर दुमडावी अशी बनवलेली असेल, तर जोडपट्टी टाकल्यावरही ती तशीच दुमडते का ते पाहा.

६. दोन्ही चालकांनी चालवून बघणं. आधी सोसायटीच्या आवारात, हळू. गाडी घरात जे जे चालवतात त्या सगळ्यांनी. आमचं नेमकं हेच राहिलं.

कृती ४ : गाडी किती कलते?

फूटरेस्ट खाली नेण्याची आणखी एक किंमत आहे. वळणावर गाडी कलते तेव्हा फूटरेस्टचं टोक जमिनीच्या जवळ येतं. आमच्या गाडीत ते टोक जमिनीपासून ३३ सेंमी वर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ३६ सेंमी बाजूला होतं. काटकोन त्रिकोण काढा : उंची ३.३, पाया ३.६. पायाजवळचा कोन साधारण ४२ अंश. टायरची जाडी सोडून दिली, तर इतकी कलल्यावर फूटरेस्ट जमिनीला लागेल. आता उंची ३.० करा. कोन ४० अंशांच्या आसपास येतो. दोन-तीन अंश गेले.

शहरात कोणी शहाणा माणूस चाळीस अंश कलत नाही, मग काळजी कशाला? कारण मागे माणूस बसला की गाडी दबते आणि फूटरेस्ट आणखी खाली येते. आणि आपले रस्ते : उखडलेले पेव्हर ब्लॉक, उंच गतिरोधक, पावसाच्या पाण्यात न दिसणारी दुभाजकाची कड. म्हणूनच "अजून पाच सेंटिमीटर खाली घे" असं कोणी म्हटलं तर कागद-पेन्सिल काढा.

कायदा काय सांगतो

मुलांशी हेही बोला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून चौकट कापणं, जोडणं, वेल्डिंग करणं हे विषय सोडूनच द्या. बोल्टने बसणारा, काढून पूर्ववत करता येणारा बदलसुद्धा आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचारूनच करा. आम्ही हे नंतर विचारलं. तो क्रमही चुकीचाच.

मागे बसणाऱ्याची फूटरेस्ट, हाताने धरायचा दांडा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी या गोष्टी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे सक्तीच्या आहेत. ती जाळी कशासाठी? मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आपण तिला साडी गार्डच म्हणतो. वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, साडीसाठी गाडी बदलली, गाडीसाठी साडी नाही." या पाठाचं सार मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

खर्च न करता काय करता येईल

पाना हातात घेण्याआधी हे करून बघा. सीटवर थोडं मागे सरकून बसा, पाया आपोआप लांबतो. सिग्नलवर थांबल्यावर पाय झटकून सरळ करा. लांब पल्ल्याला तासाभराने थांबून पाच मिनिटं चाला. आणि बैठक सुधारूनही गुडघा दुखतच राहिला तर दोष गाडीवर टाकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

शेवटी

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? पेडल आणि गियर लिव्हर जुळवून घेतले, दिवा तपासला. फूटरेस्ट तीन सेंटिमीटर खालीच राहिली. माझाही गुडघा ८७ वरून ९२ अंशांवर गेला, मला तर उलट बरंच वाटतं. राहिला सीटचा प्रश्न. गादी दोन सेंटिमीटर जाड केली असती तर मुलाला आणखी तीन अंश मिळाले असते. पण सीट वर गेली की सिग्नलला माझे पाय जेमतेम बोटांवर टेकतात. मी म्हटलं, "कर जाड, मी सांभाळेन." तो म्हणाला, "नको बाबा. पाच अंश मिळाले, पुरे. बाकीचे तीन तुमचे."

शिक्षक मित्रहो, उद्या वर्गात गेलात की शेवटच्या बाकाकडे एकदा बघा. कोणाचे गुडघे बाकाखाली दुमडून बसलेत? कोणाचे पाय जमिनीला टेकतच नाहीत? बाक सगळ्यांना एकच, मुलं मात्र वेगवेगळ्या मापांची. फूटरेस्ट तरी पान्याने खाली घेता येते. बाकाचं काय करायचं, ते आपण ठरवायचं आहे.

घरचा अभ्यास

१. घरातल्या दोन व्यक्तींची खुबा ते गुडघा आणि गुडघा ते तळवा ही मापं घ्या. दोघं एकाच खुर्चीवर बसल्यावर गुडघ्याचा कोन किती येतो ते आकृती काढून शोधा.

२. ताशी ५४ किलोमीटर वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी किती मीटर जाते?

३. घरातली अशी एक वस्तू शोधा जी एकासाठी सोयीची केल्यामुळे दुसऱ्याला गैरसोयीची झाली. ओटा, आरसा, सायकल, काहीही चालेल. दोघांना चालेल असा मधला मार्ग मापासह लिहा.